मालकांनी मटण खाल्लं असतं तर

माझ्या माहेरी आन् सासरी, दोन्हीकडं, अंड्याचं टरफल सुदिक कधी उंबऱ्याच्या आत आलं न्हाय. आन् त्याच घरातली मी, पार्वतम्मा, आमच्या सिद्धेश्वराम्होरं पदर पसरून उभी राहिले आन् म्हणलं, "देवा, आमच्या मालकांनी मटण खाल्लेलं असू दे. लई न्हाय मागत. एक वाटी. निदान रस्सा तरी."

हसू नका. आधी ऐका, मग काय हसायचं ते हसा.

आमचं गाव नळदुर्गाच्या अलीकडं, हायवे सोडून आत. मालकांचं किराणा दुकान हाय, शांतलिंग अण्णांचं दुकान म्हणलं की कुणीबी बोट दाखवंल. आमी लिंगायत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, ताटात भाजी-भाकरी. सिद्धेश्वराच्या जत्रंत नंदीची उंच काठी पेलायचा मान आमच्या घराचा. आज्ज्यानं पेलली, बापानं पेलली, आता मालक पेलतेत. माणूस अंगानं सुतळीवानी, पण काठी हातात आली की छाती अशी काढतेत की बगणाऱ्याला वाटावं, काठीनंच ह्यांना धरलंय.

आन् ह्या सुतळीला शुगर. बरीच वर्षं झाली. डॉक्टरनं गोड बंद करून टाकलं. पण दुकानात गूळ, दुकानात पेढे, आन् दुकानातच मालक, म्हणजे मांजराला दुधाची राखण. मी इचारायची, "अवं, गूळ खाल्ला का?" की ह्यांचा हात लगेच कानाला. खरं बोलायचं असलं की ह्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर जातो, खोटं बोलायचं असलं की कानाची पाळी खाजवतेत. उभा जन्म काढलाय ह्या माणसासंगं, एवढं तरी कळतंयच की मला.

तर झालं काय, हिंमतरावच्या बोअरला पाणी लागलं. हिंमतराव म्हणजे गावातला बागायतदार, मालकांचा लहानपणापासूनचा दोस्त. त्यानं दर्ग्याला नवस बोलला हुता, पाणी लागलं तर कंदुरी करीन. कंदुरी म्हणजे बोकड कापायचा आन् गावाला जेवू घालायचं. हिंदू-मुसलमान काय न्हाय त्यात, जो येईल तो जेवतो. खडा मसाला आमच्या दुकानातनं गेलेला, म्हणून मालक बी गेले. आमच्या लोकांसाठी तिथं वरण-भाकरी बाजूला केलेली असती, ती खाऊन आले. मी काय गेले न्हाय. मला नुसत्या वासानंच मळमळतंय.

आन् दुसऱ्याच दिवशी सकाळी गावात शुगरवाल्यांचं शिबिर. सोलापुरातनं लॅबची गाडी येणार, रक्त घेणार, शुगर आन् किडनी दोन्ही बगणार. शुगर म्हणं गुपचूप किडनी कुरतडती, आन् कुरतडताना आवाज बी करत न्हाय. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरनं सांगितलं हुतं, "सकाळी चहा-नाश्ता करून येऊ नये." आमच्या गावची माणसं लई कायद्याची. कुणी चहा घेतला न्हाय, कुणी नाश्ता केला न्हाय. रात्रीचं मटण पातेल्यात उरलेलं हुतं, ते भाकरीसंगं खाल्लं आन् जाऊन रांगेत उभे राहिले. नर्सबाईनं इचारलं, "उपाशीपोटी आलात ना?" तर उत्तरेश्वर, ज्यानं कंदुरीचं मटण शिजवलं हुतं तो, एक मोठा ढेकर देऊन म्हणतो, "चहाचा थेंब न्हाय घेतला, बाई!"

मग रिपोर्ट आले मोबाईलवर, आन् गावात रडारड सुरू झाली. रक्तात क्रिएटिनिन म्हणून एक असतंय. अंगातला कचराच तो. किडनी चांगली असली की त्याला गाळून बाहेर टाकती, किडनी थकली की तो रक्तात साचतो आन् आकडा चढतो. गावातल्या निम्म्याअधिक शुगरवाल्यांचा आकडा चढलेला. आमच्या मालकांचा बी.

मग काय इचारता! देवळाच्या कट्ट्यावर सगळे गोळा झाले. कुणी म्हणतंय बोअरचं पाणी बाधलं, कुणी म्हणतंय युरियानं घात केला. हिंमतराव तांब्यावर तांब्या पाणी पितोय आन् घडीघडीला आडोसा शोधायला पळतोय. उत्तरेश्वरनं मक्याच्या केसाचा काढा उकळून आणलेला, तो कंदुरीच्याच पातेल्यात. हिंमतराव त्याच्या गळ्यात पडला आन् म्हणला, "उत्तरेश्वरा, येळ आली तर माझी एक किडनी तुला."

उत्तरेश्वरच्या डोळ्यांना धार लागली. "आन् माझी एक तुमाला, तात्या."

आमच्या मालकांनी टोपी सारखी केली आन् म्हणले, "आरं येड्यांनो, दोघांच्याबी खराबच की. नुसती अदलाबदल करून काय हुणार?"

शेवटी वैष्णवीला बोलावलं. वैष्णवी आमच्याच गावची लेक, शिकून डॉक्टर झाली, आता नळदुर्गात दवाखाना चालवती. तिनं एकेकाचा मोबाईल बगितला. मग चष्मा वर केला आन् म्हणली, "एवढ्या सगळ्यांच्या किडन्या एकाच दिवशी कशा बिघडतील? रक्त द्यायच्या आधी काय खाल्लं होतं?"

कुणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरतंय, कुणी आभाळात बगतंय.

"थोडंसं मटण," उत्तरेश्वर पुटपुटला.

"थोडंसं?"

"आन् मग सकाळी उठून थोडंसं."

वैष्णवीनं कपाळाला हात लावला. "अहो, शिजवलेल्या मटणात हेच क्रिएटिनिन असतं! पोटात गेलं की रक्तात उतरतं. हा तुमच्या किडनीचा आकडा नाही, बोकडाचा आकडा आहे!"

आगं आई गं, काय ते हसणं! टोप्या उडाल्या. हिंमतराव तांब्या डोक्यावर घेऊन नाचायला लागला. वैष्णवी ओरडून सांगत हुती, आठवडाभर मटण बंद, मग खरोखरचं उपाशी राहून परत रक्त द्यायचं. पण ऐकतंय कोण? काढ्याचं पातेलं बी कुणीतरी लाथंनं सांडलं.

आन् मग हसणं हळूहळू थांबत गेलं. एकेक मान वळायला लागली आमच्या मालकांकडं. त्यांचा आकडा बी चढलेला हुता की.

हिंमतराव हळूच म्हणला, "शांतलिंगा... तू तर आमच्यातलं काय खात न्हाईस."

मालकांनी टोपी सारखी केली, चपला घातल्या आन् सरळ घरची वाट धरली.

मी बायांच्यात उभी हुते. म्या मनात हिशेब मांडला. म्हणजे दोनच गोष्टी. एक तर ह्या माणसानं मटण खाल्लंय, न्हायतर ह्याची किडनी खरंच चाललीय. माझा सख्खा भाऊ ह्याच शुगरनं गेला. कळलं तवा किडन्या संपलेल्या. सोलापूरला मशीनवर रक्त धुऊन घ्यायचा, घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचा. शेवटी शेवटी मला म्हणायचा, "अक्का, घोटभर पाणी दे गं," आन् पाणी मोजून द्यायचं असतंय, मी देऊ शकायची न्हाय. ते म्या एकदा बगितलंय. परत बगायची ताकद न्हाय माझ्यात.

घरी गेले आन् चप्पल बी न काढता इचारलं, "अवं, खरं सांगा. मटण खाल्लं न्हवं तुमी?"

ह्यांचा हात लिंगावर. "शिव शिव! पारू, काय बोलतीस? आण हाय."

दुसरी एखादी असती तर सुखावली असती. मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

"जरा आठवून बगा की. वरणाची पळी रश्श्यात बुडवली असंल कुणी."

"पळ्या येगळ्या हुत्या."

"हिंमतरावनं लाडानं घास भरवला असंल."

"न्हाय गं."

"मग अंधारात वांग्याची फोड म्हणून..."

"पारू," मालक म्हणले, "वांग्याला हाड असतंय का?"

मी तशीच उठले आन् हिंमतरावचं घर गाठलं. उत्तरेश्वर बी तिथंच हुता. मला बगून दोघं दचकून उभे राहिले. त्यांना वाटलं, बाई भांडायला आली, धर्म बाटवला म्हणून.

"वहिनी," हिंमतराव हात जोडून म्हणला, "तुमच्या गळ्याची शप्पथ, त्यानं पातेल्याकडं नजर सुदिक टाकली न्हाय."

"काकू, मी सोता वाढत हुतो," उत्तरेश्वर म्हणला. "अण्णांच्या ताटाला डोळ्यात तेल घालून जपलं म्या. शिंतोडा उडू दिला न्हाय."

"मुडद्या, कुणी सांगितलं हुतं तुला एवढं जपायला?" मी ओरडले. "एवढा मोठा बोकड, सगळा गाव जेवला, आन् माझ्या नवऱ्याच्या ताटात एक तुकडा पडला न्हाय? पंगतीत असा दुजाभाव करतेत व्हय रे?"

मी तिथंच पायरीवर बसून रडले. हिंमतरावच्या बायकोनं चहा दिला, तो बी तसाच राहिला.

वाटंतनं वैष्णवीला फोन लावला. "बाळा, नुसत्या रश्श्यानं बी आकडा चढतो का गं?"

"हो काकू, रश्श्यातपण उतरतं ते."

"आन् नुसत्या वासानं?"

"नाही काकू."

म्हणून मग देवळात गेले. त्या दिवशीच सिद्धेश्वराला ते मागणं घातलं, जे सुरुवातीला सांगितलं. देवानं बी अशी मागणी पहिल्यांदाच ऐकली असंल.

तवापासनं मला घास उतरंना. भाकऱ्या थापायच्या, ह्यांना वाढायचं आन् आपण पाणी पिऊन उठायचं. मालक म्हणायचे, जेव. मी म्हणायची, जेवले मगाशीच. आमच्या घरात खोटं बोलायला मला कान खाजवावा लागत न्हाय.

आन् एक दिवस दुपारी ह्यांनी भरलेलं ताट बाजूला सारलं.

"पारू, खाल्लं म्या."

"काय?"

"मटण."

तव्यावरची भाकरी तशीच राहिली. "किती?"

"दोन वाट्या."

"रस्सा का फोडी?"

"दोन्ही. आन् सकाळी बी. हिंमतरावकडं जाऊन."

"मग ती आण?"

"भ्यालो हुतो गं तुला." आन् ह्यांनी कानाची पाळी खाजवली.

मला ते दिसलं. न्हाय कसं? पण मी मनात म्हणलं, माश्या लई झाल्यात दुपारच्या. मला हसू यायला लागलं, रडू यायला लागलं, तव्यावर भाकरी करपली. तीच करपकी भाकरी मी मिरचीच्या ठेच्यासंगं खाल्ली, आन् वर आणखी दोन खाल्ल्या. मालक माझ्याकडं बगत बसले हुते. त्यांचं ताट तसंच.

मग मी नारळ घेऊन देवळाकडं पळाले. वाटंत शेजारची शिवम्मा भेटली. "नारळ कशाचा गं?"

"आमच्या मालकांनी मटण खाल्लं!" मी म्हणलं. "पोटभर! दोन येळा!"

शिवम्माच्या कानात पडलं म्हणजे भोंग्यावरनंच सांगितलं. मी देवळातनं परतायच्या आत बंडप्पा काका दारात. आमच्या समाजातले वडीलधारे, जत्रा त्यांच्याच हुकमानं चालती. काठी टेकत आत आले, बसले बी न्हाईत.

"शांतलिंगा, खरं का हे?"

मालकांनी माझ्याकडं बगितलं. मी हसत उभी, पदराला खोबऱ्याचा चुरा लागलेला.

"व्हय काका," मालक म्हणले.

"मग यंदा नंदीच्या काठीला हात लावायचा न्हाय."

मालकांनी मान खाली घातली. आन् मी? मी बंडप्पा काकांवरच धावून गेले. "न्हाय लावत! घाला कुणाच्या बी हातात! काठी पेलायला माणूस जिता पायजे का न्हाय, काका? खाल्लं म्हणून जिता हाय माझा नवरा! उद्या अजून खाईल! मी सोता मसाला वाटून देईन!"

बंडप्पा काका "शिव शिव शिव" म्हणत मागल्या पावली गेले. मी ठसक्यात दार लावलं. मालक त्या दिवशी दुकान उघडायला बी गेले न्हाईत. अंगणात बसून नुसता तळहात चोळत हुते, जिथं काठी धरून धरून घट्टा पडलाय तिथं. मी आपली गाणं म्हणत भांडी घासत हुते.

ठरलेला आठवडा भरला तशी वैष्णवी आली, सगळ्यांचं रक्त परत घेतलं. ह्या खेपंला उत्तरेश्वरला आदल्या रात्री त्याच्या बायकोनं कोंडूनच घातलं हुतं. मालकांच्या हाताला रबरी पट्टी बांधता बांधता वैष्णवी म्हणली, "काका, तुमची आणखी एक तपासणी करते. सिस्टॅटिन नावाची. मटण खाल्लं काय, नाही खाल्लं काय, तिला फरक पडत नाही. ती फक्त किडनीचंच सांगते. आणि लघवी पण द्या, त्यातनं प्रथिनं गळतायत का बघू."

"कशापायी? खाल्लंय की म्या," मालक म्हणले. एक हात सुईखाली, दुसरा कानाला.

"असू दे," वैष्णवी म्हणली.

निकाल सांगायला ती सोताच दुकानात आली. दुकान भरलेलं. हिंमतराव आन् उत्तरेश्वर आधीच आले हुते; त्यांचे आकडे खाली आल्याचा मेसेज पडलेला, म्हणून आनंदानं मसाला घ्यायला आलेले. बंडप्पा काका मीठ न्यायला आलेले, तोंड फिरवून उभे. मी साखरंच्या पोत्यापाशी.

"बाकी सगळ्यांचे उतरले," वैष्णवी म्हणली. "काकांचा आहे तिथंच आहे. दुसऱ्या तपासणीतही तेच निघालं, आणि लघवीतनं प्रथिनंही जातायत. काकांनी मटण खाल्लेलं दिसत नाही. त्यांच्या किडनीला शुगरचा त्रास सुरू झालाय."

सगळ्यात आधी कुणाला कंठ फुटला असंल? बंडप्पा काकांना.

"म्हणजे खाल्लं न्हाय?" म्हातारा गरकन वळला. "शांतलिंगा! लेका, शुद्ध हायस की रं तू!" आन् फळीवरनं हात घालून मालकांना मिठीच मारली. "काठी तुझी! तुझ्याबिगर हात लावू देत न्हाय मी कुणाला!"

"आमी म्हणत हुतो न्हवं, काकू!" उत्तरेश्वर वरडला. "शिंतोडा उडू दिला न्हाय म्या!" हिंमतरावनं टाळी दिली. एका माणसाची किडनी बिघडली म्हणून अख्खं दुकान खूश! पेढे वाटायची भाषा निघाली.

मी पोत्यावर मटकन बसले. त्या गोंधळात मी बसलेली फक्त मालकांना दिसली. आन् मग वैष्णवीला. तिनं सगळ्यांना एक हाक मारून बाहेर काढलं आन् माझ्याम्होरं उकिडवी बसली.

"काकू, इकडं बघा. तुमच्या भावाचं कळलं तेव्हा सगळं संपलं होतं. हे आत्ता, सुरुवातीलाच सापडलंय. शुगर आणि बीपी ताब्यात ठेवलं, मी देते ती गोळी रोज घेतली, तर हीच किडनी काकांना पुष्कळ वर्षं साथ देईल. फक्त गोड बंद म्हणजे बंद. चोरून पण नाही." शेवटचं वाक्य तिनं मालकांकडं बगून म्हणलं.

ती गेली. दुकानात आमी दोघंच राहिलो.

"खोटं का बोललाव?" म्या इचारलं.

"तू जेवत नव्हतीस."

"माझ्या जेवणापायी काठी घालवून बसला हुता? बापाची, आज्ज्याची?"

"काठी काय, जत्रंला लागती," मालक म्हणले. "तू रोज लागतीस." हात लिंगावर हुता.

असं बोलायला ह्या माणसाला उभ्या संसारात कधी जमलं न्हाय, आन् आजच जमायचं हुतं! मला असं भडभडून आलं की काय सांगू. रडत रडतच म्या शिव्या दिल्या. "येडं, खुळं, बिनडोक माणूस! करायचं न्हाय त्याची कबुली देतो, आन् जे करतो ते सांगत न्हाय. गोडाचं सांगा आता. खरं."

हात कानाकडं निघाला. अर्ध्यात थांबला. हळूहळू खाली आला आन् लिंगावर टेकला.

"पारू, मटण न्हाय खाल्लं. पेढे खाल्ले. लई खाल्ले. रोज खाल्ले."

आन् उठले. तुरीच्या डाळीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आन् पेढ्याची पुडी काढली. वजनकाट्याच्या खालनं गुळाचा खडा काढला. बसवण्णांच्या फोटोमागनं, ज्याला मी रोज सकाळी हार घालती, तिथनं आणखी एक पुडी काढली. मी पदर पसरलेला, त्यात मालक एकेक टाकत गेले. देवाम्होरं पसरलेला तोच पदर.

"झालं सगळं?"

"झालं," मालक म्हणले, आन् कान खाजवला.

मी पदर तसाच पसरून धरला. नुसती बगत राहिले.

मालकांनी उसासा टाकला आन् डोक्यावरची टोपी काढली. टोपीच्या घडीत कागदात गुंडाळलेला एक पेढा, घामानं मऊ झालेला. तो बी माझ्या पदरात ठेवला, आन् परत हात लिंगावर नेला.

"आता झालं," म्हणले.

मी पदराची गाठ मारली, दुकानाला कुलूप लावलं आन् घरी येऊन दोघांची ताटं वाढली.